तुम्ही विचारलंत म्हणून: घरात बंदूक, तरी कायदा कडक हवा?

"तुमच्याच घरात बंदूक, आणि तुम्हीच म्हणता कायदा कडक हवा?" अमेरिकेतल्या एखाद्या गोळीबाराची बातमी आली की स्टाफरूममध्ये, नाहीतर हळदीकुंकवाला, हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारीच्या आवाजात "आता सापडलात" असा सूर असतो.

बंदूक सासऱ्यांची. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आमची भाताची खाचरं आणि थोडा भुईमूग. रानडुकरं एका रात्रीत रान उकरून टाकतात, म्हणून त्यांनी शेतसंरक्षणाचा परवाना काढला होता. ते गेल्यावर बंदूक रीतसर ठाण्यात जमा केली आणि मग वारस म्हणून मिस्टरांच्या नावावर परवाना झाला. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, गव्याचं तर नावच काढायला नको. हवेत बार काढायचा, कळप पांगतो, एवढंच तिचं काम.

ती ठासणीची आहे. आधी नळीत दारू, मग काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, शेवटी घोड्याखाली टोपी. सराईत हातालाही मिनिट लागतं. पावसात दारू सर्दावली तर नुसतंच "खट्", आणि मिस्टर आतल्या आत चरफडत घरात.

माझं सगळं म्हणणं त्या एका मिनिटात आहे. आमच्याकडे बांधावरून डोकी फुटतात. काठ्या, फावड्याचे दांडे निघतात, एकमेकांची सात पिढ्यांची उजळणी होते. आणि महिन्याभरात तेच दोघे एकाच वडापच्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून तालुक्याला तारखेला जातात. भरलेलं पिस्तूल कमरेला असतं तर त्यातला एक वडापमध्ये नसता. संतापाला फार वेळ लागत नाही, त्याला फार वेळ टिकताही येत नाही. स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसाचंही पुष्कळदा तसंच. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे इथे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

तिथे बंदूक विकत घेतल्यावर ती हातात पडेपर्यंत थांबायची देशभर लागू असलेली मुदत नाही. काही राज्यांनी आपापली घातली आहे. दुकानदार गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला सरकारी यंत्रणेला विचारतो, पण कामकाजाच्या 3 दिवसांत उत्तर आलं नाही तर विक्री करता येते. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये 9 जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळालं ते याच फटीतून. युव्हाल्डीच्या शाळेत 2022 मध्ये 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. मारेकऱ्याने अठरावं लागताच रायफली विकत घेतल्या होत्या. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात वयाची अट 21 ची.

"पण गावठी कट्टेवाला कुठे कलेक्टर कचेरीत अर्ज करतो?" हे खरं आहे, नाही करत. परवानाधारकाने हेलपाटे घालायचे आणि गुंडाने मोकाट फिरायचं, याचा रागही मला समजतो. आपल्या शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत बेकायदा हत्यारं बनवणाऱ्या-विकणाऱ्याला किमान 7 वर्षं ते जन्मठेप केली आहे. ती पोलिसांनी राबवावी. पण चोर कुलूप फोडतो म्हणून आपण दार उघडं टाकत नाही ना?

कडक म्हणजे आणखी चार झेरॉक्स, असं मात्र मी म्हणत नाही. कॅनडात परवान्याच्या अर्जावर जोडीदाराची सही घेतात, गेल्या दोन वर्षांत सोबत राहिलेल्या आधीच्या जोडीदाराचीही. सही नसेल तर तिला कळवतात. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला निदान 28 दिवस थांबावं लागतं. आमच्या वेळी चौकशीला आलेले हवालदार पोलीस पाटलांशी बोलले, शेजारच्या दोन पुरुषांशी बोलले, माझ्या हातचा चहा घेतला आणि गेले. नवरा रागीट आहे का, पितो का, बंदूक कुठे ठेवणार, यातलं एकही त्यांनी मला विचारलं नाही.

विचारलं असतं तर सांगितलं असतं: बंदूक मिस्टरांच्या कपाटात, टोप्यांची डबी माझ्याकडे. आता नूतनीकरण येईल तेव्हा कुणी विचारो न विचारो, मी हे सांगणार आहे.