शिवारातील विहिरी नकाशावर मांडताना

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही गावातील काही जणांनी शिवारातील विहिरींची पाणीपातळी मोजली. वजन बांधलेला टेप विहिरीत सोडायचा, पाण्यापर्यंतचे अंतर वाचायचे, त्यातून कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहायची आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश शेजारी नोंदवायचे, असे ते काम होते. वही भरल्यावर प्रश्न उभा राहिला की ही माहिती नकाशावर कशात मांडावी. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात संगणकाचा जाणकार कोणी नाही, वीज केव्हाही जाते आणि नेटचा भरवसा धरता येत नाही. निवड करताना या गोष्टी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या.

पहिल्यांदा आम्ही गूगल माय मॅप्स हे नेटवर नकाशे बनवण्याचे साधन वापरून पाहिले. ते सोपे आहे आणि एका तक्त्यातून 2000 ओळींपर्यंत माहिती घेते, म्हणजे एका गावाला पुरेसे आहे. परंतु त्याला सतत नेट लागते. शिवाय पैसे न लागणे वेगळे आणि सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारे असणे वेगळे. आपल्या विहिरींची नोंद आपल्याच संगणकावर राहावी, असा माझा आग्रह होता.

त्यामुळे आम्ही क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरकडे वळलो. गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या परवान्याखाली मिळते आणि एकदा बसवले की नेटशिवाय चालते. नवख्याने त्याची दीर्घ मुदतीची स्थिर आवृत्तीच घ्यावी. पहिल्या दिवशी पडद्यावरची बटणांची गर्दी पाहून मन दडपते, हे खरे आहे. पण विहिरींच्या कामासाठी त्यांतील पाच-सहाच लागतात.

खरी अडचण दुसरीकडेच आली. बारावीत शिकणारी माझी पुतणी तक्ता उघडून म्हणाली, “काका, विहिरी दिसतच नाहीत.” नकाशा लहान करत गेल्यावर त्या थेट उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपाशी सापडल्या. आपण मराठीत ‘अक्षांश-रेखांश’ याच क्रमाने बोलतो आणि त्याच क्रमाने आम्ही रकाने भरले होते. क्यूजीआयएस मात्र आधी एक्स, म्हणजे आडव्या दिशेचा आकडा विचारते, आणि तो असतो रेखांश. रकान्यांची अदलाबदल करताच सगळे ठिपके नाल्याच्या दोन्ही काठांनी आपापल्या जागी आले. नाल्यापासून दूर जाल तशी पाणीपातळी खोल जाते, हे वहीत कधी उमगले नव्हते. ते ठिपक्यांना खोलीप्रमाणे रंग देताच दिसले.

माहिती शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात साठवू नये, हे मी कळकळीने सांगतो. त्यात रकान्याच्या नावाला फक्त 10 बाइट मिळतात आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणून ‘पाणीपातळी’चे नुसते ‘पाण’ उरते. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात ही अडचण नाही आणि सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते, त्यामुळे पेनड्राइव्हवरून देणेही सोपे जाते. दोन विहिरींमधील अंतर मीटरमध्ये हवे असेल, तर वर्धा जिल्ह्यासाठी यूटीएम या जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा 44 उत्तर हा पट्टा निवडावा. 78 अंश रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणजे अकोल्याकडे, 43 उत्तर लागतो.

गावाला नकाशा मोबाइलवर दाखवण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर आधारलेले यूमॅप हे संकेतस्थळ चांगले आहे. तेथे आम्ही विहिरीचा क्रमांक आणि खोली एवढेच ठेवले. शेतकऱ्याचे नाव आणि गट क्रमांक काढून टाकले, कारण कोणाच्या विहिरीला किती पाणी आहे, हे जगजाहीर करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरी पुन्हा मोजायच्या आहेत. तेव्हा वहीऐवजी मोबाइलवरील क्यूफील्ड या अ‍ॅपमध्ये थेट नोंद करणार आहोत. ते क्यूजीआयएसचाच प्रकल्प उघडते आणि नेट नसतानाही चालते. फक्त विहिरींचे क्रमांक मे महिन्यातलेच ठेवायचे आहेत, आणि म्हणून ते आत्ताच कठड्यांवर ऑइल पेंटने लिहून घेत आहोत.