पार्सल किती?

"टुरिस्टांची ठिकाणं नकोत हं. तुम्ही कोल्हापूरची लोकं जिथं जाता ना, तिथलं सांग." हा मेसेज मला महिन्यातून एकदा-दोनदा हमखास येतो, तोही शुक्रवारी रात्री, कारण शनिवारी पहाटे पुण्याहून गाडी निघणार असते. पाठवणाऱ्याच्या मते अंबाबाईचं दर्शन नऊला उरकतं. (उरकत नाही.) मग मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, मधे चपला, संध्याकाळी रंकाळा. माझ्याकडे पूर्वी एक तयार यादी होती, ती मी लगेच पाठवायचे. वर्षभर झालं, पाठवत नाही. त्यावरून ऑफिसात 'कोल्हापूरकरांचा माज' असं बोलून झालं आहे. तर विचारलंतच म्हणून एकदाच सांगते.

त्या यादीतल्या निम्म्याअधिक ठिकाणी मी कधी बसलेली नव्हते.

चव माहीत होती, ते खोटं नाही. मिसळ आमच्याकडे रविवारी यायची ती किटलीतून. किटलीत कट, पुडीत शेव-चिवडा, वेगळ्या डब्यात मटकी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रेडचे स्लाइस. (आमच्याकडे मिसळीला स्लाइसच लागतात, लादीपाव दिसला की बाबांचं तोंड वाकडं होतं.) बाबा आणि दादा तिथं बसून खाऊन यायचे आणि येताना आमचं आणायचे. यात काही वावगं आहे असं मला पंचविशीपर्यंत वाटलं नाही. तालीम पुरुषांची, तालमीसमोरचा कट्टा पुरुषांचा, कट्ट्यासमोरची मिसळ पुरुषांची, रात्री उशिरापर्यंत चालणारी खानावळ पुरुषांची. इतकंच काय, जो रस्सा घरी आई करते तोच शेतात तीन दगडांच्या चुलीवर करायचा झाला की त्याचं 'रस्सा मंडळ' होतं आणि त्यात बाई नसते. घरात चूल बाईची, उघड्यावर नेली की ती हौस.

गंमत म्हणजे बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतो. पुण्यात पहिल्या दिवशी मैत्रिणी हसल्या होत्या. भाषा ऐकून कुणालाही वाटेल, या बाया गावभर कट्ट्याकट्ट्यावर बसत असणार.

आता ती सकाळ. आईची साठी होती. पहाटे आम्ही दोघी अंबाबाईला गेलो, लवकर सुटलो, महाद्वारातून बाहेर पडलो. मी म्हटलं, आज घरी काही करायचं नाही, बाबा जातात तिथं जाऊन मिसळ खाऊ. ठिकाणाचं नाव सांगणार नाही. फडतरे, चोरगे, बावडा ही नावं तुम्हाला पाठ आहेत, यातलं ते कुठलंच नाही. पेठेतलं आहे, बारा-चौदा माणसं बसतील एवढं. आई आधी नको म्हणाली, मग रिक्षात बसल्यावर तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "तिथं तिखट किती असतंय गं?" चाळीस वर्षं तीच मिसळ खात आलेली बाई हे विचारत होती. मला तेव्हा हसू आलं.

आम्ही पायरीवर पोचलो तर पोऱ्यानं न बघताच विचारलं, "पार्सल किती, मावशी?"

मी म्हटलं, बसायचंय.

कुणी काही बोललं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण दादा गेली कित्येक वर्षं मला हेच ऐकवतो, की तुम्हाला कोण काय बोललं? खरंच कुणी नाही. फक्त चमच्यांचे आवाज कमी झाले. दोन बाकं रिकामी होती. पोऱ्यानं मालकाकडे पाहिलं, मालकानं आत कोपऱ्याकडे पाहिलं आणि तिथं बाबा बसले होते, तालमीतल्या तिघांबरोबर, अर्धी प्लेट समोर. ते उठले. रागावले नव्हते, उलट त्यांच्या चेहऱ्यावर आईबद्दलची काळजीच होती, आणि तेच मला अजून पचत नाही. बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले, "आज गर्दी हाय. पार्सल घिऊन जावा, मी आलोच मागनं." पैसे त्यांनीच दिले. जास्तीचा कट बांधायला सांगितला. आई तोवर पायरी उतरून रिक्षापाशी उभी होती.

घरी तिनं कट पातेल्यात ओतून गरम केला, चव घेतली, "मीठ कमी हाय" म्हणाली, चिमूटभर घातलं. ब्रेड मऊ पडला होता म्हणून आम्ही चपातीशी खाल्लं. बाबा पाऊण तासानं आले. कशी होती म्हणून विचारलं. बरी होती, ती म्हणाली. विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

याच्या पुढच्याच महिन्यात मी ती यादी केली. पहिल्या क्रमांकावर तेच ठिकाण, आणि शेजारी मी लिहिलं होतं: 'आम्ही इथंच वाढलो.' म्हणजे बाबांना दोष देते आहे असं समजू नका, किंवा समजा, पण मलाही द्या. मी तेव्हा बसू शकले असते. एकटी आत जाऊन रिकाम्या बाकावर बसले असते तर कुणी उठवलं नसतं. मी नाही बसले, आणि नंतर बसल्यासारखं लिहिलं. का? पुण्यातल्या माणसांपुढे अस्सल कोल्हापूरकर दिसायचं होतं. तेव्हाची मी आजच्या मला म्हणेल, अगं, एका वाटीभर मिसळीचं काय घेऊन बसलीस? बरोबर आहे तिचं. मला नीट उत्तर सुचत नाही.

उत्तराच्या जवळ जाणारं काही असेल तर ते भाऊसिंगजी रोडवरचं आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढून दिलं. चहा चांगला होता, पण पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः दुकानासमोर गाडी थांबवून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळायची नाही असा हुकूम संस्थानात 1919 साली निघाला, पण नुसत्या हुकमानं कुणी कप उचलत नाही, हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं. आमचं दुःख त्या दुःखाच्या पासंगालाही पुरणार नाही. बरोबरी करत नाही. फक्त 'कुणी अडवलंय का?' हा प्रश्न याच गावात आधी विचारून झालेला आहे, एवढंच.

दादा म्हणतो, आता सगळीकडे बायका असतात, तू जुनं उगाळतेस. असतात. पण कुठं? जिथं पार्किंग आहे, बाहेर बोर्डावर फोटो आहेत आणि बाहेरगावच्या गाड्या लागतात तिथं. म्हणजे तुम्ही ज्यांना टुरिस्टांची ठिकाणं म्हणून नाकं मुरडता, तिथं. गेल्या दिवाळीत आईला अशाच एका हॉटेलात नेलं. बाबा त्याला 'पावण्यांचं हॉटेल' म्हणतात आणि आत येताना चेहरा सुतकी करतात. आईनं पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली. पातळ हाय, खसखस दिसत न्हाई, काजूवर भागवलंय, मटणाचं अळणी पाणी नीट उतरलेलं न्हाई, असा सगळा पंचनामा केला. मग पोऱ्याला हाक मारून दुसरी वाटी मागितली. मग तिसरी. खुर्चीला पाठ टेकून, कुणाला वाढायचं राहिलंय का हे न बघता जेवताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

म्हणून 'लोकल जातात ते सांग' म्हटलं की मला राग येतो. तुम्ही माझ्याकडे नेमकी तीच जागा मागता जिथं माझ्या आईला पार्सल मिळालं.

माझी ठिकाणं हवी असतील तर तीही आहेत, पण ती तुमच्या कामाची नाहीत. खासबागेची भेळ. मैदान शाहू महाराजांनी 1912 साली कुस्त्यांसाठी बांधलं, पण भेळेला आम्ही कॉलेजच्या मुली तासन्‌तास उभ्या असायचो आणि कुणी वळून बघत नसे. भेळ बायकांची, हे कुणी ठरवलं देव जाणे. आणि एप्रिल-मेमध्ये डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायची गिरणी. चटणी कुटायला बायका पहाटेपासून नंबर लावतात, ब्याडगी, संकेश्वरी, भाजलेला मसाला, लसणाच्या पिशव्या. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी, आणि नंबर येईपर्यंत तीन तास गप्पा. चहा समोरच्या टपरीवरून मागवायचा. इतका गोड चहा मी दुसरीकडे पीत नाही. सासवा, नणंदा, खटल्यातल्या तारखा, सगळं तिथं निघतं. आईचा कट्टा तोच. तिथं तुम्हाला नेऊन काय दाखवू?

राहिला गंगावेशीचा दूध कट्टा. यादीतलं हे एकच ठिकाण मी आता खरं करून घेतलं आहे. संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, धार थेट ग्लासात, वर फेस, आणि ग्लास कोमट. भोवती पैलवान पोरं आणि पोटं सुटलेले माजी पैलवान. गावी गेले की मी जाते. गवळी दर वेळी विचारतो, "भांडं आणलंय न्हवं?" पहिल्या खेपेला नाही म्हटलं, तिथंच उभ्यानं प्यायले, आणि घरी येईपर्यंत कान गरम होते. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, निरसं दूध बाधतं.

हल्ली मी किटली नेते. आधी ग्लास पिते, मग किटली पुढे करते. कधीकधी, गर्दी जास्त असली की, नुसतीच किटली भरून आणते.