अल्बारिन्योतला समुद्र

अल्बारिन्योचा पहिला घोट घेतल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो, तो म्हणजे खारट. मीही कित्येक वर्षे माझ्या टिपणवहीत हाच शब्द लिहीत आलो, आणि अल्बारिन्यो याच नावाच्या द्राक्षापासूनची ही पांढरी वाइन स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गलिसियात, अटलांटिकच्या अगदी काठावर तयार होते हे ठाऊक असल्यामुळे त्यात काही वावगे असेल अशी शंकाही मला कधी आली नाही. आता मात्र माझे मत असे झाले आहे, की या वाइनमध्ये समुद्र असला, तरी तो मिठाच्या वाटेने आलेला नसून थंडाव्याच्या वाटेने आलेला आहे.

गलिसियातील ज्या वाइनप्रदेशाला 1988 मध्ये रियास बायशास या नावाने अधिकृत दर्जा मिळाला, त्याच्या नावातील ‘रिया’ म्हणजे नदीच्या खोऱ्यात आतवर शिरलेली खाडी. या खाड्यांवरून येणारी दमट, गार हवा उन्हाळा तापू देत नाही, त्यामुळे द्राक्षाचा मणी सावकाश पिकतो. द्राक्षातील मॅलिक आम्ल उष्णतेत लवकर खर्ची पडते; हवा गार राहिली तर साखर भरत असतानाही ते बऱ्याच प्रमाणात टिकून राहते. सालीतील सुगंधी द्रव्यांनाही अशा संथ पक्वतेचा फायदा होतो. हा फरक पाहायचा असेल तर दूर जाण्याचेही कारण नाही. समुद्रालगतच्या व्हाल दो साल्नेसमधील अल्बारिन्यो धारदार आणि सडसडीत असतो, तर त्याच प्रदेशातील, पण आत सरकलेल्या कोंदादो दो तेआमध्ये उन्हाळा अधिक उष्ण असल्यामुळे तेच द्राक्ष भरदार आणि मवाळ होते.

मग खारटपणाचे काय? वाऱ्याबरोबर आलेले तुषार द्राक्षांवर बसत असतीलही, परंतु पेल्यातल्या खारट भासाचे सारे श्रेय त्यांना देणे मला पटत नाही. माझ्या मते, आम्ल भरपूर, साखर जवळजवळ नाही आणि ओकच्या पिंपातून येणारा व्हॅनिलाचा गोडवाही नाही, अशा वाइनने तोंडाला पाणी सुटते आणि जीभ त्या सुटलेल्या पाण्यालाच मीठ समजते. ‘ग्रॅनाइटची चव’ हा शब्दप्रयोगही मी अलीकडे टाळतो, कारण वेलीची मुळे दगडाची चव शोषून घेत नाहीत. येथील भुसभुशीत, वाळूसारख्या ग्रॅनाइटी मातीचे खरे काम पाण्याचा निचरा करणे हे आहे, आणि वर्षाला सुमारे 1600 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या द्राक्षबागेसाठी ते काही किरकोळ काम नव्हे.

या पावसाचा विचार केल्याशिवाय ही वाइन पुरती समजत नाही. थंडावा देणारा समुद्र ओलही देतो, आणि ओल आली की केवडा आणि भुरी हे रोगही आलेच. म्हणून येथील वेली पारंपरिक पद्धतीने ग्रॅनाइटच्या खांबांवर उभारलेल्या उंच मांडवांवर चढवलेल्या असतात, जेणेकरून घडांखालून वारा खेळता राहावा. अल्बारिन्योची जाड साल हे या हवामानातील त्याचे दुसरे संरक्षण. या सालीचा मला पेल्यातही भास होतो; घोट गिळल्यानंतर पिकल्या पीचचा आणि लिंबाच्या सालीचा गंध ओसरत असताना जिभेच्या कडांना जो किंचित कडसर, तुरट स्पर्श होतो, तो मला या वाइनचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. केवळ फळांच्या वासावर भाळणाऱ्यांना तो खटकतो, त्याला माझा इलाज नाही.

वाइन करणाऱ्याने येथे हस्तक्षेप जपून केलेला बरा. बहुतेक अल्बारिन्यो स्टीलच्या टाक्यांत आंबवला जातो. मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारी दुसरी प्रक्रिया अनेक उत्पादक थांबवतात, किंवा एखाद्या फारच थंड वर्षी आम्लाची धार बोथट करण्यासाठी तेवढ्यापुरती होऊ देतात. यीस्टच्या गाळावर काही महिने ठेवलेली वाइन मला अधिक आवडते, कारण तो गाळ आम्लाला हात न लावता तिला अंग देतो, आणि अशा बाटल्या चार-पाच वर्षे सहज टिकतात, किंबहुना सुधारतात. कोवळेपणीच पिऊन टाकण्याची वाइन हा तिच्यावरचा शिक्का निदान या बाटल्यांना तरी लागू पडत नाही.

ती फार गार करून पिण्याची सवयही मी सोडली आहे. थेट फ्रिजमधून काढलेल्या बाटलीत आम्लापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. दहा-अकरा अंशांपर्यंत येऊ दिले की आधी पीच उलगडतो, मग फुलांचा मंद वास येतो, आणि सालीचा तो कडसरपणा सर्वांत शेवटी, पेला अर्धा झाल्यावर.