तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, मी नुसतं बोलून भूल देत नाही

‘मॅडम, तुम्ही म्हणे मुलांना संमोहनानं झोपवता?’ ओपीडीत आईवडील विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारचे विचारतात, आणि सर्जन मंडळी चहा पिता पिता एकमेकांकडे बघून विचारतात. आईवडिलांना वाटतं मी पोराच्या डोक्यात भलतंसलतं भरवीन. सर्जनना वाटतं ऑपरेशनची लिस्ट लांबेल. एकदाच काय ते लिहून टाकते.

मी भूलतज्ज्ञ आहे, भूल औषधानंच देते. हर्निया असो की अपेंडिक्स, सलाइन, गॅस, मॉनिटर सगळं असतंच. संमोहन येतं ते त्याच्या आधी आणि सोबतीला: मास्क तोंडावर येईपर्यंत, सुई टोचताना, ड्रेसिंग चालू असताना. त्यात लोलक नाही, ‘तुझे डोळे जड होताहेत’ नाही. मुलं तर बऱ्याचदा डोळे मिटतसुद्धा नाहीत.

कुणीतरी बंगालमधल्या हुगळीचा दाखला देतंच. खरा आहे तो. जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जननं १८४५ पासून तिथे मेस्मेरिझमच्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाच्या, गुंगीत मोठमोठ्या गाठी काढल्या. पण त्याच्या हाताशी दुसरं होतं काय? १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनला ईथरनं भूल देण्याचं प्रात्यक्षिक झालं, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आलं आणि त्याची पद्धत मागे पडली. माझ्या ट्रॉलीवर औषधं आहेत. ती बाजूला सारून पोरांवर प्रयोग करायची मला हौस नाही.

मग करता कशाला?

नऊ वर्षांची एक मुलगी होती, वाईकडची. उकळतं दूध हातावर आणि मांडीवर सांडलेलं. भाजलेल्याचं ड्रेसिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. चिकटलेली पट्टी निघताना वॉर्डातली बाकीची पोरंही रडायला लागतात. वेदनाशामक दिलेलं होतं, तरी ही कॉटचा दांडा सोडेना. मोठेपणी काय व्हायचंय विचारलं, तर म्हणाली, एसटीत कंडक्टर.

मग निघाली बस, वाईहून महाबळेश्वरला. बसमध्ये कोण कोण आहे, कुणाची कोंबडी सीटखाली आहे, पसरणी घाटात कोणाला मळमळतंय, सगळं तीच सांगत होती. मी फक्त विचारत होते, हळूहळू, तिच्या श्वासाच्या लयीत. घंटेची दोरी तिच्या हातात. एक टण म्हणजे थांबायचं, दोन टण म्हणजे चला. सिस्टरनं तो नियम शेवटपर्यंत पाळला. पाचगणी येईतो पट्टी निघाली, जखम धुतली गेली, मलम लागलं. दुखलं का विचारलं तेव्हा म्हणाली, ‘दुखत होतं, पण मागच्या सीटवर बसलं होतं.’

पुढच्या वेळी सिस्टर रजेवर होती. ड्रेसिंगला एक रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, रात्रभर जागलेला, बाहेर आणखी पेशंट ताटकळलेले. घाटाच्या मध्यावर पोरीनं एक टण दिली. तो थांबला नाही. तिनं पुन्हा दिली. ‘झालंच, झालंच,’ म्हणत त्यानं पट्टी ओढली. मी त्याचा हात धरेपर्यंत ती किंचाळली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुमची बस खोटी आहे.’ त्यानंतर तिनं माझ्याशी कधी बस खेळली नाही. उरलेली ड्रेसिंग्ज केटामिन या भुलीच्या औषधावर झाली. छान झाली, तेही सांगायला हवं.

त्या रेसिडेंटला मी व्हिलन करणार नाही. पण ‘तुमचं संमोहन फेल गेलं’ असं जे नंतर ऐकवलं गेलं, ते मला आजही मान्य नाही.

आणि गंमत बघा, फेल गेलं नाही म्हणावं तर मग आधी चाललं होतं ते काय? संमोहन, की नुसतं लक्ष दुसरीकडे वळवणं, की दोरी तिच्या हातात होती एवढंच? संमोहनाची कार्यशाळा करून आलेल्या पूर्वीच्या ‘मी’नं लगेच १९९७ चा माँट्रियलचा अभ्यास पुढे केला असता. गरम पाण्यात हात धरलेल्या लोकांना संमोहनात सूचना दिल्या, तर दुखण्याचा नकोसेपणा कमीजास्त झाला आणि मेंदूच्या अँटिरिअर सिंग्युलेट भागातली हालचालही तशीच बदलली. वेदनेची नोंद घेणारा भाग मात्र फारसा हलला नाही. मागच्या सीटवर बसलेलं दुखणं ते हेच, असं त्या पूर्वीच्या ‘मी’नं ठासून सांगितलं असतं. तिला मी आज म्हणेन, ते लोक प्रौढ होते, स्वखुशीनं आलेले होते आणि कुणी त्यांची पट्टी ओढत नव्हतं. यावर तिच्याकडेही उत्तर असतं: फ्रान्समध्ये २००५ साली ५० मुलांवर तुलना झाली, तेव्हा मिडाझोलाम हे भीती कमी करणारं औषध दिलेल्यांपेक्षा संमोहनवाली मुलं मास्क लावताना कमी घाबरली. हो, घाबरली कमी. मी तरी कुठे नाही म्हणते?

औषध कमी लागतं का? कधी लागतं, कधी नाही. सगळ्या मुलांना जमतं का? नाही. साधारण आठ ते बारा वर्षांची मुलं पटकन रमतात. दोन वर्षांच्या बाळासाठी साबणाचे फुगे आणि आईची मांडी बरी. मनाविरुद्ध मी कुणाकडून काही वदवून घेऊ शकत नाही, शकले असते तर घरच्या पोराकडून आधी अभ्यास करून घेतला असता.

आणि मॅडम संमोहन करणार आहेत म्हणून सकाळी बिस्किट देऊन आणू नका. सहा तास उपाशी म्हणजे उपाशी. दिलंत तर ऑपरेशन पुढे ढकलेन.