चार सुरांचे अश्रू

रशियन संगीतकार रख्मानिनॉव्हच्या दोन पियानोंसाठीच्या पहिल्या स्वीटमधला (अनेक भागांच्या वाद्यरचनेतला) तिसरा भाग, 'अश्रू', लावला की माझं हातातलं काम राहतंच. सगळा डोलारा अवघ्या चार सुरांवर. रख्मानिनॉव्हने लहानपणी आजीबरोबर रशियातल्या नोव्हगोरोदच्या सेंट सोफिया कॅथेड्रलच्या घंटा ऐकल्या होत्या, त्या इथे उतरल्यात. तेच चार सूर फिरून फिरून येतात, आणि दर वेळी भोवतालचे स्वर थोडे अधिक काळवंडलेले. वादकांनी घाई केली की मुसळ केरात!

१८९३ साली, विशीत लिहिलेली ही रचना ज्येष्ठ रशियन संगीतकार चायकोव्हस्कीला अर्पण केलेली; पहिल्या जाहीर वादनाआधीच तो गेला. पुढचा भाग, 'ईस्टर', मात्र मी बहुतेकदा बंदच करते. लगोलग तो घणघणाट सोसवत नाही.