पेपरातलं महाबळेश्वर

सांगलीकराला महाबळेश्वर सहलीआधी पेपरात भेटतं. जून संपत आला की तो ठरलेला चौकोन सुरू होतो: पाऊस कोयना इतके मिलिमीटर, तिथलंच नवजा इतके, महाबळेश्वर इतके, कोयना धरणात इतके टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. १०५ टीएमसीचं धरण भरत आलेलं असताना वरचे आकडे फुगायला लागले की आमच्याकडे जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या महापुरानंतर तर गावभागातली माणसं राशिभविष्याच्या आधी हा चौकोन वाचतात.

यंदा जानेवारीत म्हटलं, चला, त्या चौकोनातलं गाव बघून येऊ. साताऱ्याहून एसटी मेढ्यामार्गे केळघरचा घाट चढते. पाचगणीच्या रस्त्यापेक्षा इथे गर्दी कमी, मला हाच आवडतो.

सकाळी बाजारपेठेत चहा घ्यायला टेकलो आणि बाकावरचा साताऱ्याचा पेपर ‘ऐक्य’ उचलला. वेण्णा लेकवर हिमकण! फोटोत जीपचं बॉनेट पांढरं झालेलं आणि त्यावरून बोट फिरवणारा पर्यटक. ही बातमी दर हिवाळ्यात येते, फोटोही जवळपास तोच. तलाव खोलगटात असल्यानं थंड हवा तिथे साचून राहते, त्यामुळे गावात साधा गारठा असतानाही तिथे दव गोठतं. ‘दुपारपर्यंत लॉजवाल्यांचे फोन वाजायला लागतील बघा,’ चहावाले म्हणाले. मी सांगलीचा म्हटल्यावर हसले. ‘मग पावसाळ्यात आमच्या नावानं खडे फोडत असाल! पण खरं सांगू, नवजाचा आकडा आमच्या पुढं गेला ना, की आम्हाला चैन पडत नाही.’

त्यांच्या टपरीमागे गवताच्या जुन्या झडीचा एक तुकडा टेकवून ठेवला होता. काड्या बोटाएवढ्या लांब उरलेल्या, काळ्या पडलेल्या, बांबूच्या कामट्यांत आवळून बसवलेल्या. मे संपता संपता घरादारांना या झड्या बांधायच्या, नाहीतर भिंती चार महिने पाणी पितात. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद दिसतो.

इतिहासाचं पान म्हणजे बहुतेक पुरवण्यांत साहेबांची यादी. लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर, मग मुंबईचे गव्हर्नर माल्कम. मला त्यातला व्यवहार जास्त मजेशीर वाटतो. १८२९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात खंडाळा घेतलं. लोणावळ्याचं नव्हे, आपलं वाईकडचं. इथल्या पेठेला मग माल्कमचं नाव लागलं. वेण्णा तलाव मात्र साहेबाचा नाही, तो साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधला. नावेत बसणाऱ्यांपैकी कोणाला याची खबर असेल असं वाटत नाही. या गावावर नीट पुस्तक लिहिलं तेही एका सातारकरानंच, द. ब. पारसनीसांनी, १९१६ मध्ये आणि इंग्रजीत. साताऱ्याहून ‘इतिहाससंग्रह’सारखं मराठी मासिक चालवणाऱ्या माणसानं महाबळेश्वर मराठीत का लिहू नये, ही माझी आपली कुरकुर.

परतताना मुद्दाम पाचगणीला उतरलो. जुलै १९४४ मध्ये, तुरुंगातून सुटल्यावर, गांधीजी प्रकृतीसाठी इथे राहिले होते. लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’चा स्टुअर्ट गेल्डर त्यांना इथेच येऊन भेटला. मुलाखत ठरल्या वेळेआधीच छापून आली, मोठा गदारोळ झाला आणि गांधीजींना खुलासे करत बसावं लागलं. भर पावसात या डोंगरावरून निघालेली बातमी थेट दिल्ली-लंडनच्या राजकारणात शिरली. मी गेलो त्या दिवशी पाचगणीच्या पेपरात पहिली बातमी टेबललँडवरच्या घोडेवाल्यांच्या भांडणाची होती आणि स्टँडवर ती मोठ्यानं वाचणारे दोघे घोडेवालेच होते.