रेक्टर? मी?

कालपासून अमेरिकेतल्या आमच्या डॉर्मची, म्हणजे होस्टेलची, मी आरए (रेसिडेंट असिस्टंट). आई फोनवर म्हणाली, "म्हणजे रेक्टर? तू?" पुण्याच्या होस्टेलवर रात्री उशिरा आले म्हणून दर आठवड्याला बोलणी खाणारी मी! तसं नाही गं, आरए विद्यार्थीच असतो. आमच्याकडे खोली-जेवण फुकट, बदल्यात मजला सांभाळायचा.

३४ नावांच्या पाट्या कापून दारांवर चिकटवल्या, बोटांना अजून डिंक आहे. दुपारी एका मुलीचे बाबा फ्रिज वर चढवून झाल्यावरही जिन्यातच घुटमळत होते. मीच त्यांना पाणी दिलं.

रात्री पावणेदोनला कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळले. अलार्म, आणि अख्खी इमारत पायजम्यात लॉनवर! ट्रेनिंगमधलं काही आठवेना. ड्यूटीचा फोन तेवढा घट्ट धरून उभी होते, तोही उलटा.